येणारीचं कपाट

"खोली चांगली हाय. पण भिंतीतलं कपाट न्हाय वाटतं."

चपला पायात सरकवताना ती बाई आपल्या जावेच्या कानाशी म्हणाली. आवाज अगदी खाली होता. मी रिकामे कप गोळा करत दाराआड उभी होते म्हणून मला ऐकू आलं, आणि वाटलं, फक्त मलाच. पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा महानंदाकाकू आतून टॉवेलला हात पुसत आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? कपाट न्हाय म्हणं."

त्या संध्याकाळी त्यांनी उरलेले पोहे गाईला घातले, पुढचं दार लावलं आणि बेडरूमच्या भिंतीला टेकून भिंत वितीने मोजायला लागल्या.

भूममध्ये आमची आणि काकूंची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. काकू अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, सिद्धेश्वर. आम्ही त्याला सिधूदादा म्हणायचो. वीज उपकेंद्रात तो ऑपरेटर होता, पण कंत्राटावर. कंत्राट दरवर्षी वाढायचं आणि दरवर्षी वाढेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. तो तिशी ओलांडून गेला होता. आमच्याकडे हल्ली मुलीकडचे लोकच मुलाचं घर बघायला येतात, आणि कंत्राटी म्हटल्यावर चहा घेऊन उठतात. काकूंना सून आणायची होती. त्यांच्या आयुष्यात त्या काळात दुसरं काहीच चालू नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्या घरात हाताखाली कुणी नसायचं, म्हणून पाहुणे आले की त्या भिंतीवर दोनदा थापा मारायच्या आणि मी चहा करायला जायचे. आमची जात वेगळी. त्यामुळे मला बघून कुणाच्या मनात भलतं काही येणार नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्या माझी ओळख करून द्यायच्या, "शेजारची हाय. इंग्रजी शाळेतली. लई बोलत न्हाय." यातलं सगळं खरं होतं. मला आजही मराठीत एकोणऐंशी म्हटलं की आधी मनात इंग्रजी आकडा करावा लागतो. काकूंना हे कळल्यापासून त्या मला 'इंग्रजी' म्हणूनच हाक मारायच्या. "ए इंग्रजी, एकोणसाठ म्हंजे किती गं?" मी अडखळले की पोट धरून हसायच्या.

त्यांचं माहेर जळकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला. मराठी बोलता बोलता मध्येच "हौदु, हौदु" म्हणायच्या. कानडीत त्याचा अर्थ 'हो', पण काकू हौदु म्हणाल्या की समजायचं, त्यांना पटलेलं नाही. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात सोन्याची बोरमाळ आणि चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि चालताना एक हात कायम मांडीवर दाबलेला. गुडघे फार दुखायचे. खाली बसलं की उठताना जे हाताला लागेल ते धरायच्या, कधी खुर्ची, कधी माझा खांदा, एकदा तर एका पाहुण्याचं डोकं.

आयुष्यभर लहान मुलांत गेल्यामुळे त्या मोठ्यांनाही तसंच वागवायच्या. चार माणसं एकदम बोलायला लागली की दोन टाळ्या वाजवायच्या, आणि खरंच सगळे गप्प व्हायचे. पोह्यांच्या बशा आणायच्या आधी म्हणायच्या, "चला, आधी हात धुवून या." एकदा एका मुलीचे मामा आले होते. पांढरेशुभ्र कपडे, जाड मिशा. ते म्हणाले, "आमी गाडीतनं आलाव बाई. हात काय घाण न्हाईत."

"गाडीचं दार तर हातानंच उघडलं असंल की," काकू म्हणाल्या.

मामा उठले, मोरीकडे गेले, आणि परत येताना ओले हात पुढे धरून दाखवले. काकूंनी मान डोलवली. मला ओठ चावून हसू दाबावं लागलं. त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही, पण पाहुण्यांना हात धुवायला लावणं काकूंनी कधी सोडलं नाही.

कपाटाचं मात्र त्यांच्या मनात बसलं. जो पाहुणा जे बोलेल ते काम समजायचं, हा त्यांचा स्वभावच झाला होता. कुणी म्हणालं होतं, मोरीला फरशी नाही, तर फरशी आली. कुणी म्हणालं होतं, पुढचा रंग उडालाय, तर रंग आला. आता कपाट. त्यांच्या लग्नातलं लोखंडी कपाट बाहेरच्या खोलीत होतं. माझी आई म्हणाली, "तेच आत सरकवा की ताई. छान भक्कम आहे."

"जुनं कपाट म्हंजे जुनी सासू," काकू म्हणाल्या. "नव्या पोरीला एकाच घरात दोन कशाला?"

मिस्त्री राजस्थानचा होता, पण भूममध्ये राहून राहून आमच्यासारखंच बोलायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत कपाट, फुटावर भाव. पहिला आकडा त्याने लाखाच्या आतला सांगितला. मग कळलं की आतल्या बाजूचा सनमायका त्यात धरलेला नाही. आरसा वेगळा. मुठी वेगळ्या. आपोआप हळू मिटणारी बिजागरी हवी तर तिचे निराळे. "ती पायजेच," काकू म्हणाल्या. "सासू-सुनेत दारं लई आपटतेत. आवाज तरी येऊ ने." प्रत्येक गोष्टीला त्या हौदु हौदु म्हणत आणि प्रत्येक गोष्ट घेत. शेवटी दीड लाखाच्या वर गेलं.

ते पैसे गुडघ्यांसाठी होते. निवृत्तीला मिळालेले आणि त्याआधी साठवलेले, सगळे मिळून काकूंनी ऑपरेशनसाठी बँकेत ठेवले होते. बार्शीच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलं होतं. आईने आठवण करून दिली तेव्हा काकू बसल्या जागी म्हणाल्या, "गुडघे बघायला कोण येतंय, वैनी? कपाट बघायला यायलेत."

आई उठून घरी आली. बराच वेळ भांडी घासत राहिली.

कपडे टांगायची दांडी किती उंचीवर लावायची, असं मिस्त्रीने विचारलं तेव्हा मी तिथेच होते. "वहिनीसाहेबांची उंची किती?" तो म्हणाला. त्याला वाटलं असेल, घरात आहेतच कुणी. काकूंनी खोलीत इकडेतिकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "ए इंग्रजी, हितं उभी ऱ्हा. हात वर कर. ताणू नको, असाच, सहज." मी हात वर केला आणि मिस्त्रीने माझ्या बोटांजवळ पेन्सिलने रेघ मारली. काकू मागे सरकून बघत होत्या. माझ्याकडे नाही, रेघेकडे. "तिला पुरंल," त्या म्हणाल्या.

'ती' म्हणजे येणारी. तिला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, पण काकूंच्या बोलण्यात ती दिवसभर असायची. तिला कढी आवडंल का. तिला उन्हाळ्यात हे घर तापंल. तिला माझं कानडी समजायचं न्हाय, मग मी शिव्या कानडीत देईन.

कपाट उभं राहिलं आणि मग कळलं काय झालंय ते. माप घेताना मिस्त्रीला जागा हवी म्हणून पलंग बाहेर काढला होता. सगळं काम झाल्यावर तो आत आणला, तर कपाटाची दारं पलंगाला अडत होती. पलंग पलीकडच्या भिंतीला सरकवला, तर खिडकीची एक फळी कायमची बंद झाली आणि खोलीचं दार अर्धंच उघडायला लागलं. आत जायचं तर अंग चोरून, आडवं व्हावं लागायचं. सिधूदादा दारात उभा राहून बघत राहिला. त्याला राग यायचाच नाही कधी. फक्त म्हणाला, "आई, आत जायचं कसं?"

"ती बारीक असंल," काकू म्हणाल्या.

मग त्यांच्या मठाचे स्वामी आले. त्यांनी कपाटाच्या दारांना भस्म लावलं, धूप दाखवला. काकूंच्या माहेरची रीत अशी की नवं कपाट रिकामं मिटायचं नाही. म्हणून आत खण, नारळ, हळकुंडं ठेवली. रीत तेवढीच होती. पण एवढ्या मोठ्या कपाटात तो एक खण आणि एक नारळ फारच एकटे दिसत होते. पुढच्या बाजारातून काकू एक साडी घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या बाजारातून दोन परकर. मग गाऊन, मग एक पंजाबी ड्रेस, "आजकालच्या पोरी घरात साडी नेसत न्हाईत" म्हणून. मग केसांच्या पिनांचं पाकीट. शिवणकाम करणाऱ्या बाईकडून ब्लाउजही शिवून आणले, आत शिलाई भरपूर सोडून, म्हणजे सैल करता येतील. सिधूदादाचे शर्ट बाहेरच खिळ्याला लटकत राहिले. "त्याचं काय," काकू म्हणायच्या, "त्याला खुंटी बी चालतीय."

नव्या प्लायवूडचा वास कपड्यांना लागायचा. तो जावा म्हणून काकू अधूनमधून सगळे कपडे काढायच्या, धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि पुन्हा टांगायच्या. त्यांच्या कपड्यांची दोरी गल्लीच्या बाजूला होती. ज्या घरात एक म्हातारी आणि एक बिनलग्नाचा मुलगा, त्या घराच्या दोरीवर गुलाबी गाऊन आणि ड्रेस वाळत असायचे. आम्हा शेजाऱ्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. आम्हाला माहीत होतं.

जळकोटकडच्या त्या स्थळाला माहीत नव्हतं.

काकूंच्या माहेराजवळचंच घर होतं ते. मुलगी डी.एड. झालेली. तिला सिधूदादाचा फोटो आवडला होता, कंत्राटी म्हटल्यावरही तिने नकार दिला नव्हता. दोघं फोनवरही बोलले होते. तो फोन घेऊन गच्चीवर जायचा आणि खाली येताना जिन्यात उगाच गुणगुणायचा. त्याने केस कापून घेतले होते, नवा शर्ट शिवला होता. काकूंनी त्या दिवशी माझ्या आईची चांगली कपबशी मागून घेतली.

पाहुणे आले. हात धुवून बसले. काकूंच्या तोंडून इतकी कानडी मी कधीच ऐकली नव्हती. त्या हसत होत्या, मांडीवर थापा मारत होत्या, आणि हौदु म्हणत होत्या ते या वेळी खरोखरच 'हो' असावं. मग मुलीची आत्या उठली, अंग चोरून बेडरूममध्ये शिरली आणि तिने सरळ कपाट उघडलं. मी दारातच ट्रे घेऊन उभी होते. तिने एक ब्लाउज काढला, उलटा केला, शिलाई बघितली. दुसरा काढला. बाहेर येऊन सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "पहिली कुठंय?"

"कुठली पहिली?" काकूंनी विचारलं.

"जिचे हे कपडे."

काकू हसल्या. त्यांना खरंच गंमत वाटली असावी. "अवो, ते येणारीचे हायत. नवे हायत सगळे."

"नवे हायत तर धुतलेले कसे?"

"लाकडाचा वास लागतो म्हणून मीच धुते."

"लग्नाआधी सुनेचे ब्लाउज शिवतं व्हय कुणी?" आता मुलीचे काका बोलले. "मागल्या महिन्यात मी हितनं गेलतो चौकशीला. तवाच दोरीवर बाईचे कपडे बघितले. म्हणलं, शेजारचे असतील."

मग सगळेच एकदम बोलायला लागले. काकूंनी टाळ्या वाजवल्या. दोन, आणि मग आणखी दोन. या वेळी कुणी गप्प झालं नाही. माझी आई भिंतीपलीकडून धावत आली, देवाची शपथ घेऊन सांगायला लागली. काका म्हणाले, "शेजारीण शेजारणीचंच बोलणार." मी ट्रे घेऊन तशीच उभी होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि पाहिलं असतं तर बहुतेक त्यांना माझ्याबद्दलही भलतंच काही वाटलं असतं. धुतलेल्या हातांनी, काही न खाता, ते लोक उठले.

सिधूदादाने त्या मुलीला नंतर फोन केला का, मला माहीत नाही. जिन्यातलं गुणगुणणं थांबलं, एवढं आमच्या भिंतीतून कळलं.

बातमी त्या भागात पसरायला वेळ लागला नाही. पहिली सोडून गेली, असं कुणी म्हणायचं. कुणी म्हणायचं, पहिली मेली. स्थळं येणं कमी झालं. जे फोनवर बोलायचे तेही मध्येच विचारायचे, "आधीचं काही भानगडीचं न्हाय ना?" काकूंनी कपडे दोरीवर घालणं बंद केलं. कपाटात डांबराच्या गोळ्या आल्या. बेडरूमला त्यांनी कुलूप लावलं, खोली खराब होऊ नये म्हणून. पलंगावरच्या गादीचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मे महिन्यात सिधूदादा गच्चीवर झोपायचा, आणि काकू, ज्यांना जिना चढता येत नव्हता, बाहेरच्या खोलीत दाराशी खाट टाकून. घरातली सगळ्यात चांगली खोली कुणाचीच नव्हती.

एकदा मी त्यांच्याकडे दही द्यायला गेले होते, तेव्हा तो जेवत होता. काकू कुणाशी तरी फोनवर कपाटाचं वर्णन करत होत्या, आरसा किती मोठा आहे, दारं कशी हळू मिटतात. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "आई, त्या कपाटाला मिळंल एखादी बायको. मला ऱ्हाऊ दे."

काकू खो खो हसल्या. मला वाटलं, चला. पण मी निघताना पाहिलं, त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि तो ताटात बघून भात कालवत होता. कालवतच होता.

त्या काळात त्या भेटेल त्याला विचारायच्या, "होईल ना हो सिधूचं?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "होईल की. का नाही होणार?" स्वामी म्हणायचे, दूधवाला म्हणायचा, आई म्हणायची. असं म्हणायला काही लागत नाही. गुडघे आता इतके वाकले होते की काकू उभ्या राहिल्या तरी बसल्यासारख्या वाटायच्या. चार पावलं टाकून थांबायच्या आणि थांबल्याचं कारण म्हणून आजूबाजूला काहीतरी बघायच्या, एखादी मांजर, एखादी पाटी.

मग मला पुण्यात नोकरी लागली. मी दिवाळीत परत आले तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. सिधूदादाने उपकेंद्राजवळ खोली घेतली होती आणि काकू भावाकडे गेल्या होत्या, कानडी मुलखात. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत. त्यामुळे पुण्याला निघायच्या आठवड्यात झाली ती भेट शेवटची.

दुपारची वेळ होती. भिंतीवर दोन थापा आल्या. त्याच्या आदल्या दिवशी सिधूदादा माझ्या आईला अंगणात येऊन सांगून गेला होता, "काकी, आईला तुमीच सांगा. मी आता कुणासमोर बसणार न्हाय. ठरलंय माझं. मला तिच्यासमोर बोलवत न्हाय." आई हो म्हणाली होती, आणि दिवसभर तिकडे गेली नव्हती.

काकूंनी बेडरूमचं कुलूप काढलेलं होतं. त्या गादीवरच्या प्लास्टिकवर बसल्या होत्या. हलल्या की ते कुरकुरायचं. मला म्हणाल्या, "फोटू काढ खोलीचा. लग्नं जुळवणारा एक एजंट हाय सोलापूरचा. फोटू धाडा म्हणतोय." मी दारात आडवी उभी राहून फोन धरला. मागे सरकायला जागाच नव्हती, सगळं कपाट चौकटीत मावेना.

"मी बाहीर होऊ का?" त्यांनी विचारलं, पण उठल्या नाहीत. उठवत नसावं.

मग त्यांनी मूठ उघडली. आत बोरमाळ होती. त्यांच्या अंगावर मी ती नेहमी बघितलेली, पण गळ्याबाहेर कधीच नाही. हातात ती अगदी लहान दिसत होती. "एजंट म्हणतोय, एसी बसवा. पोरीकडचे आता आधी तेच इचारतेत म्हणं. उद्या सराफाकडं जाते. सिधूला सांगू नको." त्यांनी कपाटाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "एसी बसला की मग काय न्हाय ऱ्हायलं. मग होईल ना गं?"

मी फोन खाली केला.

"तुझी आई म्हणती होईल. स्वामी म्हणतेत होईल. तू कधीच काय म्हणली न्हाईस, इंग्रजी. सांग की."

त्या माझ्याकडे बघत होत्या. अंगणवाडीत एखादं मूल उत्तर देत नसेल तर बहुतेक अशाच बघत असतील, घाई न करता, मान जराशी तिरकी करून. आमच्या घरातून आईच्या मिक्सरचा आवाज येत होता. तो थांबला. मला वाटलं, होईल म्हणावं आणि जावं. तो शब्द तोंडाशी आलाही होता.

"नाही, काकू," मी म्हणाले. "आता कुणी येणार नाही. ती माळ घाला गळ्यात."